डॉक्टरसाहेबांचं तोरण

आमच्या चौकात एक बाई फुलं विकते. बायको गेल्यापासून तिच्या फोटोसाठी मी रोज हार नेतो, पण या बाईचं नाव कधी विचारलेलं नाही. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ती झेंडू ओवते आणि मान वर न करता बोलते.

परवा लांबलचक तोरण चाललं होतं.

"डॉक्टरसायबाचं हाय, भाऊ. लायसन वापस भेटलं ना त्याईले!"

गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढून सरकारी योजनेचे पैसे उचलले, म्हणून कोर्टानं दोषी ठरवलेला हा डॉक्टर. परवाना थोडे दिवस निलंबित झाला आणि सन्मानानं परतही मिळाला! अमरावतीत पेढे वाटले म्हणे.

"त्याला शिक्षा झाली होती, ठाऊक आहे ना?"

"हाव ना. पन त्यानं सरकारले लुटलं. तुमाले-मले थोडीच लुटलं?"

मी कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चौकात ओरडलो, "बिल सरकारचं होतं, बाई, पोट माझ्या बायकोचं होतं! काही आजार नसताना फाडलं. टाके पिकले आणि ती गेली."

बाईची सुई थांबली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे पाहिलं.

"माही पिशवी बी त्यानंच काढली," ती म्हणाली. "म्हने, कॅन्सर होऊन राहिला. एक पैसा नाई घेतला, म्हनून मी त्याले देव मानो."

अंगठ्यातला दोरा सुटून झेंडू मांडीवर ओघळले. तिनं ते उचलले नाहीत.

"मले त होता ना, भाऊ, कॅन्सर?"