मिसरी भाजणाऱ्या पोरी

"आ करा, आजी. अजून मोठा आ करा."

शाळेच्या ओट्यावर, सगळ्या पोरांसमोर, साहेबांनी माझ्या तोंडात मोबाइलची बॅटरी मारली. आमचं गाव तीर्थपुरीजवळ. त्या दिवशी शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता, साहेब त्यासाठीच आले होते. मी तिथं खिचडी शिजवते. पातेल्यापासून उठवून मला वर नेलं.

"बघा मुलांनो, मिसरीनं काय होतं. पाच दात राहिलेत. हिरड्या म्हणजे निव्वळ कोळसा."

पोरं हसली. सरपंच हसले. त्यांच्या गालात गुटखा होता. त्यांचा थोरला दारूपायी तीनदा जालन्याच्या केंद्रात राहून आला. गाडीनं नेला, गाडीनं आणला. त्याला कुणी ओट्यावर उभं केलं नाही. पुरुषाचं व्यसन म्हणजे दुखणं. बाईचं म्हणजे घाण. त्यात ती आमच्या बौद्धवाड्यातली असली तर बोलायलाच नको.

मी पदरानं तोंड पुसलं. विचारलं, "साहेब, मला सोडायची हाय. औषध देता का?"

"आता ह्या वयात सोडून काय करता, आजी? हे तरुणांसाठी आहे."

परत हसले.

मग शपथ झाली. फक्त मुलांची. मुली स्वागताची ताटं धरून बाजूला उभ्या. "मुलींना कशाला? त्या थोड्याच खातात," साहेब म्हणाले. त्यांच्यात माझी नात होती, सातवीतली. ओठ घट्ट मिटून उभी होती. मला वाटलं, तिला माझी लाज वाटली.

घरी आल्यावर कशी कोण जाणे, शंका आली. मी नातीला म्हणाले, "आ कर."

खालच्या हिरडीवर काळी रेघ.

"कधीपासून लावून राह्यलीस?"

"भाजली का बघायला दाताला लावते, आजे. तूच म्हणली व्हती, कच्ची ठिवू नको."

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, की झाली मिसरी. घरातल्या बाईची मिसरी घरातल्या पोरीनं भाजायची. भाजली का ते दाताला लावून बघायचं. माझ्या आईनं मला आठव्या वर्षी तवा दिला. पहिल्यांदा चक्कर आली. मग कळलं, हिनं भूक मरते. कापूस वेचताना दुपारची भाकर नसली तरी चालायचं. शपथ घेतलेल्या एकाही पोरानं हा तवा धरलेला नाही.

नातीला एक चापट मारली. ती रडली नाही. मार कुणाला बसायला पाहिजे होता, ते तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गुरुजींकडं गेले. "पोरींचीबी शपथ घ्या, गुरुजी. त्यांचीबी तोंडं तपासा. पण चार लोकांत न्हाई, आडोशाला."

"मावशी, येडी झालीस का? पोरींची नावं असल्या यादीत आली तर उद्या सोयरीक कोण करील?"

महिनाभरानं साहेब परत आले. फोटो काढायचे होते. परत मला बोलावणं आलं. मी पातेल्यापाशी उभीच राहिले. म्हणाले, "न्हाई येत. आधी पोरींना इचारा, घरात मिसरी कोण भाजतं. मंग दाखवते तोंड."

गुरुजी म्हणाले, "खिचडीचं काम सोडायचंय का?"

"काढा," मी म्हणाले. काढलं.

मिसरी माझी सुटली नाही. चार दिवस ठेवली लांब, हात कापायला लागले, परत लावली. घरात आता मीच भाजते. नातीला तव्याजवळ येऊ देत नाही, तर ती मैत्रिणीकडं जाऊन लावते. वास येतो मला.

रोज शाळा सुटताना फाटकाशी बसते. जाणाऱ्या पोरींना सांगते, आईनं तवा दिला तर घेऊ नका. मारलं तरी घेऊ नका. पोरी हसतात. एकीनंही अजून ऐकलेलं नाही. आया भांडायला येतात. काल गुरुजी म्हणाले, इथून उठवायला लावीन.

उठवा. उद्या रस्त्याच्या पलीकडं बसीन.