योगिनींच्या अंगणातलं बाळंतपण

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या घरात तो कुणालाच पडत नसे. मला पडलेला प्रश्न वेगळा होता आणि तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता. देव आहे, तर तो माझ्याकडे काहून बघत नाही? माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसरी मुलगी जन्मली, पण एक दिवसही पुरा जगली नाही. तिचे डोळे कसे होते हेही मला नीट आठवत नाही, कारण ती उघडून बघायच्या आधीच गेली. त्यानंतर मी पूजा सोडली नाही; फुलं वाहत होते, आरती म्हणत होते. पण बोलणं सोडलं. एखाद्या नातेवाइकाशी अबोला धरून त्याच्याच घरात वावरावं, तशी मी देवघरात वावरत होते.

आम्ही जबलपूरला तोफांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे फॅक्टरीत होते. पूर्वेकडची लढाई पेटली आणि सगळ्यांच्या सुट्या रद्द झाल्या. हे पहाटे जात, अंधार पडल्यावर परत येत, आणि ताटावर बसल्या बसल्या डुलक्या घेत. खिडक्यांना काळे कागद लावलेले, मैदानात मुलांच्या खेळण्याच्या जागी खंदक खणलेले, आणि मधूनच सायरन वाजायचा. त्या आवाजासरशी पोटातलं बाळ दचकायचं. होय, मी तिसऱ्यांदा गरोदर होते. आठवा नुकताच लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की या वेळी सगळं ठीक आहे. मी मान डोलवायची. मागच्या वेळीही सगळं ठीकच होतं.

बाळंतपणाला माहेरी, अमरावतीला जायचं ठरलं होतं. पण गाड्यांचा भरवसा राहिला नव्हता. फौजेच्या गाड्या आधी सुटत, बाकीच्या कुठेही थांबून राहत. अशा गर्दीत मला पाठवायला हे तयार होईनात. तेव्हा माझे बाबाच इकडे आले. म्हणाले, "माहेरी येता येत नसंल तर मी येतो. तुझी माय असती तर तीच आली असती."

बाबा शाळेत इतिहास शिकवत. निवृत्त झाले होते. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. त्यांचा जीव होता तो जुन्या इमारतींवर. वेरूळ, हंपी, कोणार्क, आग्रा, सुटी मिळाली की ते निघायचे. इजिप्तचे पिरॅमिड बघायचे राहून गेले याचं त्यांना खरंच दुःख होतं, जसं कुणाला काशी राहून गेल्याचं असतं. त्या दिवसांत बातमी आली होती की विमानांना दिसू नये म्हणून ताजमहाल कापडानं झाकून टाकलाय. बाबा दोन घास जेवले आणि उठले. म्हणाले, "माणसानं लपावं हे समजतं. पण एवढी सुंदर वस्तू लपवावी लागते, म्हणजे आपण कोणत्या वेळेला येऊन ठेपलो, बघ." मग दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "भेडाघाटचं चौसष्ट योगिनींचं मंदिर मी पाहिलं नाही अजून. जाऊन येतो. पुढं काय होईल, काय राहील, कोण सांगावं."

मला त्यांना एकटं सोडवेना. मागच्या वर्षी त्यांना रस्त्यात चक्कर आली होती. आणि दिवसभर त्या काळ्या खिडक्यांच्या घरात एकटीनं बसायचंही जिवावर आलं होतं. शेजारच्या भाभींनी ऐकलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे बहू, ऐसी हालत में खंडित मूर्तियों के सामने जाते हैं क्या? बच्चे पर छाया पड़ती है।" मी त्यांना सांगितलं की मी पायऱ्या चढणारच नाही, खालीच बसेन. आणि खरंच तसंच ठरवलं होतं.

बसनं आम्ही भेडाघाटला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. एरवी तिथं संगमरवरी दगड बघायला आलेल्यांची झुंबड असते, पण त्या दिवशी शुकशुकाट होता. नारळ-फुलांच्या एका दुकानात बाकावर मला बसवून बाबा वर गेले. मी वाट बघत बसले. खूप वेळ झाला. वरून उतरणारं कुणी दिसेना. दुकानवाल्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "बुजुर्ग तो नहीं उतरे अभी।" माझ्या डोळ्यांपुढे बाबांची चक्कर उभी राहिली. कठड्याला धरत, एकेका पायरीवर थांबत मी वर निघाले.

वर पोचले आणि आधी मला बाबा दिसलेच नाहीत. मला दिसलं ते अंगण. उघड्या आभाळाखाली एक प्रचंड गोल, त्याच्या कडेनं दगडी खांबांची ओसरी, आणि त्या ओसरीत एकीला लागून एक, एकीला लागून एक, देव्या बसलेल्या. कुणाला हात नाहीत, कुणाचं नाक गेलेलं, कुणाची छाती छिन्नीनं उडवलेली. कुणाला तर चेहराच नव्हता. हजार वर्षं तशा बसलेल्या. भाभींचे शब्द आठवले आणि मला भीती वाटायला हवी होती. पण भीती वाटली नाही. मला वाटलं, या सगळ्या माझीच वाट बघत बसल्या आहेत आणि आत्ता, मी आल्यावर, बोलता बोलता गप्प झाल्या आहेत. अंगावर सरसरून काटा आला. असं मला त्याआधी कुठल्याही देवळात झालं नव्हतं.

बाबा एका योगिनीपुढे फरशीवर मांडी घालून बसले होते. ठणठणीत होते. तिच्या दागिन्यांकडे असे टक लावून बघत होते की मी हाक मारली तेव्हा त्यांना जागच आली जणू. "काहून वर आलीस, माय?" असं म्हणत ते उठायला लागले, आणि त्याच क्षणी माझ्या कमरेतून एक कळ अशी निघाली की मी खांबाला मिठी मारली. पाठोपाठ पायांवरून पाणी वाहिलं. मला काय झालंय ते कळलं. दीड-दोन महिने आधी. डोंगरावर. डॉक्टर नाही, बाई माणूस नाही. मनात एकच आलं: हेही जाणार.

बाबा मला धरून खाली बसवत होते. "थांब, मी कोणाला तरी बोलावतो, थांब," एवढंच ते पुनःपुन्हा म्हणत होते, पण माझा हात सोडून जाणं त्यांना जमत नव्हतं. तेवढ्यात अंगणाच्या मधल्या गौरीशंकराच्या मंदिरातून म्हातारे पुजारी बाहेर आले. माझी अवस्था बघून ते जागीच थबकले. "नहीं, नहीं, यहाँ नहीं," ते हात हलवत म्हणाले, "नीचे ले जाइए बिटिया को। भगवान का स्थान है, सूतक लग जाएगा।" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. पण मला आता उठणं शक्य नव्हतं.

आणि तेव्हा ओसरीच्या पलीकडच्या बाजूनं एक बाई येताना दिसल्या. ठेंगण्या, जाडजूड, पांढरं बारीक काठाचं लुगडं, पायांत लोकरीचे मोजे, हातात छत्री. मघापासून त्या तिथंच एकेक मूर्ती बघत फिरत असणार, पण आम्ही त्यांना पाहिलंच नव्हतं. त्या घाईनं आल्या नाहीत. चालत आल्या, माझ्याजवळ बसल्या, छत्री बाजूला ठेवली, माझ्या पोटावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "भय नेई मा, भय नेई." मला बंगाली येत नव्हतं. तरी एवढं समजलं.

मग त्यांनी मान वळवून पुजाऱ्यांकडे पाहिलं. मोडक्या हिंदीत, पण अगदी शांतपणे विचारलं, "बाबा, ये किसका घर है?"

पुजारी म्हणाले, "गौरी माता का।"

"तो माँ का घर हुआ। लड़की माँ के घर में बच्चा नहीं करेगा, तो कहाँ करेगा?"

पुजाऱ्यांनी एकदा आत देवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग वळले आणि वयाला न शोभेल अशा लगबगीनं पाणी तापवायला गेले. माहेरी जायला मिळालं नाही म्हणून मी किती रडले होते, ते त्या अनोळखी बाईला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण 'माँ का घर' हे शब्द कानांवर पडले आणि माझ्या अंगातला सगळा ताठा, सगळी झुंज एकदम सुटली. इतके महिने मी ते बाळ मुठीत धरल्यासारखं धरून ठेवलं होतं. त्या फरशीवर पडल्या पडल्या मी पहिल्यांदा मनात देवाशी बोलले. घे, तुझं आहे, तुला वाटेल ते कर. रागानं नाही म्हटलं. थकून म्हटलं, आणि म्हणताना हलकं वाटलं.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाठीखाली बाबांचा कोट. डोक्याशी बसलेले, पाठ वळवून माझा हात धरलेले बाबा. डोळे उघडले की वर आभाळाची निळी पट्टी आणि खांबांमधून माझ्यावर वाकल्यासारख्या त्या देव्या. त्या बाईंचे हात मात्र स्पष्ट आठवतात. एकही हालचाल वाया न जाणारे, गरम हात. मागाहून कळलं की त्यांनी कलकत्त्याच्या एका प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून सारा जन्म काढला होता.

बाळ आलं. आणि रडलं नाही.

ती शांतता मी आधी एकदा ऐकली होती. मी डोळे मिटून घेतले. बाईंनी बाळाला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात बोट घालून साफ केलं, आपल्या तोंडानं श्वास फुंकला. पुन्हा फुंकला. पुजारी दारात हात जोडून उभे होते. नर्मदेच्या धबधब्याचा आवाज दुरून येत होता, तेवढाच. बाबांची माझ्या हातावरची पकड इतकी घट्ट झाली की बोटं दुखली.

मग एक बारीकसा आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. आणि मग जोराचा, चिडलेला, जिवंत टाहो. तो आवाज त्या गोल ओसरीत फिरला. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, सगळ्या बाजूंनी परत आला. मला खरंच वाटलं की एकटं माझं बाळ रडत नाहीये. मी हे कुणाला पटवून देत नाही. दगडात आवाज घुमतो, बाबांनी मला नंतर समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच डोळे पुसले.

"मेये! लक्ष्मी!" बाई हसत म्हणाल्या. मुलगी. पुजाऱ्यांनी स्वतःसाठी ठेवलेल्या कोऱ्या जानव्याचा दोरा उकळून दिला, त्यानं नाळ बांधली. फळं कापायची सुरी आचेवर लाल करून कापली. डिसेंबरची थंडी, आणि बाळाला गुंडाळायला काही नाही. तेव्हा पुजारी गाभाऱ्यात गेले आणि देवीच्या अंगावरची लाल चुनरी उतरवून घेऊन आले. मघाशी सूतक म्हणणारे तेच हात. म्हणाले, "नानी का कपड़ा है, नानी ने दिया है।"

बाईंच्या मंडळींची भाड्याची बस खाली उभी होती. ते सगळे प्रवासी कलकत्त्याचे. फौजेच्या गाड्यांमुळे त्यांची परतीची गाडी रद्द झाली आणि ते जबलपुरात अडकले होते. एक रिकामा दिवस हाती आला म्हणून भेडाघाटला आले होते. बाकीचे नावेत बसायला गेले. या बाई मात्र म्हणाल्या होत्या की दगड तुम्ही बघा, मी माँच्या मूर्ती बघते. पुजाऱ्यांनी खाली निरोप धाडला आणि त्यांच्यातल्या चार जणांनी मला चादरीत घालून पायऱ्यांवरून खाली आणलं. नाव सोडून सगळी मंडळी बसमध्ये परतली, कुणाच्या तोंडातून कुरकुर निघाली नाही. इस्पितळापर्यंत बाईंनी बाळाला आपल्या पोलक्याच्या आत, उरावर धरून ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या हाती ते दिलं, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि त्या निघाल्या. संध्याकाळी त्यांची गाडी सुटणार असल्याचा निरोप आला होता.

हे तेल लागलेल्या कपड्यांनीच धावत आले. मुलगी कापसात गुंडाळलेली, मुठीएवढी. पुढचे कितीतरी दिवस ती राहते की जाते, अशीच होती. पण मी त्या दिवसांत घाबरले नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. ती राहिली. वाढली. आज तिचीच मुलं कॉलेजात आहेत.

ज्या लढाईनं माझं माहेर अडवलं, तिनंच त्या बाईंची गाडी अडवली. किती घरांतून त्याच दिवसांत मुलं गेली, त्यांच्या आया कुठे कुठे रडल्या असतील. माझ्यावरच कृपा का झाली, याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते शोधण्याचा मला अधिकार आहे असंही वाटत नाही. मी एवढंच शिकले की ज्याला आपण नाकारलं जाणं समजतो, ते कधी कधी फक्त आपल्याला अजून न दिसलेलं असतं. आणि मूठ उघडल्याशिवाय हातात काही पडत नाही.

अजूनही वर्षातून एकदा मी भेडाघाटला जाते. गुडघे बोलतात, पण जाते. आता तिथं जाळ्या आहेत, पाट्या आहेत, देशोदेशीचे लोक येऊन फोटो काढतात. मागच्या खेपेला एक तरुण जोडपं घाईघाईनं गोल फिरून माझ्यापाशी आलं. मुलीनं विचारलं, "माताजी, यहाँ खास देखने लायक क्या है?"

मी तिला माझ्याशेजारची फरशी हातानं पुसून दिली. ओसरीतल्या देव्यांकडे हात करून म्हटलं, "बैठ जा बेटी, थोड़ी देर। देखने का काम उन्हें करने दे।"