इटालियन ऑर्गनची थरथर

माझा मित्र कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिकल फोरमन होता आणि त्याला इटालियन येत नाही. मलाही येत नाही. तरी गेली तीसेक वर्षं आम्ही दोघं इटालियन, पोलिश, हंगेरियन आणि चेक भाषांमधलं प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकत आलो आहोत. त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ शोधायचा नाही, असा आमचा नियम आहे.

ज्यांना या प्रकाराची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साडेतीन मिनिटांत गाणं संपवून ज्यांचं समाधान होत नाही, अशा लोकांचं हे संगीत. एक गाणं वीस मिनिटांचं, त्याचे सात भाग. पहिल्या भागात पहाट होते. पहाट चुकत नाही. मग ऑर्गन येतो, मग बासरी, मग ताल असा काही बदलतो की ठेका धरणाऱ्याचा पाय हवेतच राहतो. इंग्रजीत हे ऐकताना माझी पंचाईत होते, कारण इंग्रजी कळतं. एवढा सगळा खटाटोप कुठल्या तरी राजाच्या हरवलेल्या मुकुटासाठी चालला आहे हे लक्षात येतं आणि हसू फुटतं. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. राजांचे मुकुट आठवडाभर पुरत असत, रविवारी नको वाटायचे. तेच इटालियनमध्ये ऐकलं की गाणारा दुःखी आहे एवढंच कळतं, आणि त्याच्याकडे काहीतरी बरं कारण असेल असं आपण मोठ्या मनानं धरून चालतो.

नियम मी एकदाच मोडला. आमच्या अत्यंत आवडत्या एका हंगेरियन गाण्याचा अर्थ इंटरनेटवर वाचला. एक काचेचा घोडा स्वतःच्या भविष्याशी बोलत होता. मी हे मित्राला आजवर सांगितलेलं नाही.

कॅसेट आमच्याकडे आल्या त्या खाणीतून. सावनेरकडच्या एका खाणीत मशिनरी बसवायला परदेशी इंजिनियर आले होते. त्यातल्या एकाचा टेपरेकॉर्डर बंद पडला, तो मित्रानं दुरुस्त करून दिला. जाताना त्या माणसानं कॅसेटची अख्खी पिशवी त्याच्या हातात ठेवली. मी तेव्हा सावनेरच्या कॉलेजात होतो. नागपूरहून आम्ही एकाच बसनं जायचो, पण ओळख नव्हती. एके दिवशी शेजारी बसलेल्या या माणसानं वॉकमनचं कानातलं एक बोंड काढून माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "हे काय होय ते सांगा जरा. मास्तर दिसता." मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याच शेजारी बसलो.

तेव्हापासून रविवारी सकाळी तो विहारातून घरी आला की दहाच्या सुमारास मी नागपूरच्या जरीपटका वस्तीत त्याच्याकडे पोचतो. कॅसेटची एक बाजू पूर्ण ऐकायची, मध्ये कुणी बोलायचं नाही, मग चहा आणि मग मतं. वहिनी बसत नाहीत. खाणीत पाळी बदलताना जो वाजतो त्यावरून त्यांनी आमच्या संगीताला भोंगा असं नाव दिलं आहे. मी एकदा त्यांना भाषा न कळण्याचे फायदे समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमी वंदना म्हणतो तिचा अर्थ मले पाठ हाय, भाऊजी. तुमचा हा बुवा तीस वर्षांपासून रडून राहिला, अन् काहून रडून राहिला हे तुमी त्याले एकदाही इचारलं नाई."

यावर आम्ही कॅसेट उलटली.

सगळ्या पिशवीत आमची लाडकी एकच, ती इटालियन. तिच्या पहिल्या बाजूला मधोमध एक जागा आहे. वाद्यं एकेक करत गप्प होतात, मागं पुसटसा पियानो तेवढा उरतो, ऑर्गनचा एकच स्वर लांबत जातो आणि लांबता लांबता थरथरायला लागतो. गायक येतो तो या थरथरीवरच. ही जागा आली की मित्राचं बोट आपसूक रिवाइंडच्या बटणावर जायचं. एका बैठकीत चार-पाच वेळा तरी. त्या थरथरीवर मी कॉलेजच्या वार्षिक अंकात अडीच पानं लिहिली होती. एका सबंध पिढीचा आत्मविश्वास त्या स्वरात कसा डळमळतो, वगैरे. इतरांच्या बडेजावाची मी आयुष्यभर टिंगल केली, पण ती अडीच पानं अजून लायब्ररीत आहेत.

दोन वर्षांपूर्वी मित्राचे कान गेले. एकदम नाही. खाणीत हवा सोडणारा जो अवाढव्य पंखा असतो त्याच्या शेजारी त्याची बरीच नोकरी झाली होती, आणि कान तेव्हापासूनच हळूहळू निघून चालले होते. आधी झांजा गेल्या, मग बासरी. मतं द्यायची वेळ आली की तो माझं मत आधी विचारू लागला आणि मग तेच जरा फिरवून सांगू लागला. मला कळत होतं. मी मुद्दाम सविस्तर बोलायचो.

शेवटी धंतोलीतल्या एका दवाखान्यात जाऊन त्यानं कानातलं मशीन घेतलं. मशीन बसवणारी मुलगी हुशार होती. बोलणं ऐकू येण्यासाठी तिनं ते लावून दिलं, आणि चार दिवसांनी आम्ही परत तिच्यापुढं उभे. वहिनींचं सगळं ऐकू येत होतं, अगदी नको तेही. पण ऑर्गनचा स्वर लांबला की मशीन त्याला स्वतःचीच शिट्टी समजून दाबून टाकत होतं. तिनं ते लगेच ओळखलं. संगीतासाठी वेगळी सोय करून दिली, आणि ऐकून पाहायला त्याचं आवडतं गाणं विचारलं. मी माझ्या फोनवर ती इटालियन शोधून लावली. गाणं सुरू झाल्यावर तिनं विचारलं, "काका, शब्द कळतायत का?"

"शब्द कधीच कळले नाई," तो म्हणाला. "तू बाकीचं पाह्य."

बाकीचं ठीक होतं. मग ती जागा आली आणि त्यानं हात वर केला. ऑर्गन थरथरत नव्हता. सरळ, गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखा स्वर. मशीन थरथर खातंय, असं त्याचं म्हणणं पडलं. तिनं काहीतरी बदललं. तरी नाही. तिनं स्वतः हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाली की इथं थरथर मुळात नाहीच. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी ठाम साक्ष दिली. थरथर आहे, मी तीस वर्षं ऐकली आहे, तिच्यावर लिहिलं आहे. फोनमध्ये सगळं दाबून सपाट करतात, असंही मी वर सांगितलं. माझे कान चांगले होते आणि फोनवर थरथर मलाही आली नव्हती, पण त्या क्षणी मी माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही. अडीच पानांवर ठेवला.

आम्ही आणखी एक चक्कर मारली. त्या मुलीनं पुन्हा खटपट केली आणि मशीन आधीपेक्षा वाईट झालं.  घरी परतल्यावर रिक्षातून उतरताना मित्र म्हणाला, "जाऊ दे गा. तुह्या वहिनीचं ऐकू येते, पोरांचा फोन ऐकू येते. तेवढ्यासाठीच असते हे." पुढच्या रविवारी मी गेलो तर टेपरेकॉर्डरवर रुमाल टाकलेला होता. तो पेपर वाचत होता. आम्ही चहा घेतला आणि पाण्याच्या टाकीवर बोललो. पाण्याच्या टाकीवर बोलण्यासाठी मी इतक्या लांब कधीच गेलो नव्हतो.

निघताना मीच म्हणालो की टेपरेकॉर्डर घेऊनच दवाखान्यात जाऊ. तिला खरी थरथर ऐकू दे, म्हणजे काय हवंय ते तिला कळेल. त्याला पटवायला आठवडा लागला.

तर आम्ही दोघं, वय मिळून सव्वाशेच्या वर, तो डबा मांडीवर घेऊन दवाखान्यात बसलो. आजूबाजूच्या लोकांनी आदरानं जागा करून दिली. ते आम्हाला पेशंटपेक्षा टेपरेकॉर्डरचे नातेवाईक समजले असावेत. आत गेल्यावर मुलीनं मशीन पहिल्यासारखं करून दिलं, मित्रानं कॅसेट लावली, आणि ती जागा आली तशी थरथर आली. त्याच्या मशीनमधून, त्याच्या कानात, ठसठशीत.

"आली!" तो म्हणाला.

मुलीनं जरा मागं नेऊन पुन्हा लावलं. मग तिनं हळूच विचारलं, "काका, इथं ऑर्गनबरोबर मागचा पियानोही थरथरतोय. एवढ्याच जागी. असं कसं?"

पियानोची तार ऑर्गनला सोबत म्हणून थरथरत नाही, एवढं मला कळतं.  मित्रानं बटण दाबलं, कॅसेट बाहेर काढली, करंगळी चाकात घालून फीत त्या जागेपर्यंत फिरवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. खाणीत त्यानं आयुष्यभर कोळसा वाहणारे पट्टे पाहिले होते. पट्टा कुठं लांबला, कुठं सुरकुतला, हे त्याला लांबून दिसायचं. या फितीकडे मात्र त्यानं त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. वीतभर फीत कडेनं लाटेसारखी झाली होती. पुढं-मागं फीत सरळ. थांबव, मागं ने, परत लाव, थांबव, मागं ने. ती जागा आम्हाला फार आवडली म्हणून ती लांबली होती. इतकी हळूहळू, की थरथर कोणत्या वर्षी सुरू झाली हे दोघांपैकी कुणालाच सांगता येईना.

"हे आपण केलं," तो म्हणाला.

मुलगी समजूत घालायला म्हणाली की म्हणजे मशीन चांगलं आहे, काका, थरथर आहे तिथं आहे आणि नाही तिथं नाही. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्यानं कॅसेट तिच्या डबीत ठेवली आणि जे म्हणाला ते मला वाटेतही पुरलं. "तसं नाई, बेटा. फोनवर थरथर नव्हती तरी मले तिची जागा ऐकू आली, कारण ती पाठ हाय. म्हंजे बाकीचं जे ऐकू आलं, बासरी न् काय, तेही ऐकू आलं का आठवलं, हे मले कसं समजणार?"

तिनं काहीतरी उत्तर दिलं, तक्ते दाखवले. तक्त्यांत तपासणीच्या शिट्ट्या होत्या, संगीत नव्हतं. प्रश्न रास्त होता. त्या पिशवीतलं सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्यातलं काहीही लावलं तरी डोकं कानाला कॉपी पुरवणार. मी तीस वर्षं परीक्षा घेतल्या आहेत, कॉपी मला ओळखता येते. त्यावर उपाय एकच, न पाहिलेला पेपर.

मग मी घरी बसून असं काहीतरी शोधलं जे आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. भाषासुद्धा नवी हवी होती, म्हणजे वळणांचाही अंदाज नको. एस्टोनियन मिळालं. त्यानं विचारलं की हा देश नेमका कुठं आला. मी इतिहासाचा माणूस, भूगोल चाचपडत सांगितला. मीही आधी ऐकलं नाही. रविवारी दोघांनी एकेक कोरा कागद घेतला. जे ऐकू येईल ते लिहायचं, एकमेकांचं पाहायचं नाही. मी फोन दोन स्पीकरना जोडला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभ्या होत्या, हात पदराला पुसत.

पहाट झाली. मग बावीस मिनिटं तो मान खाली घालून लिहीत होता. मध्ये एकदा पेन थांबलं आणि बराच वेळ थांबून राहिलं, तेव्हा मी माझं लिहायचं विसरलो.

संपल्यावर कागद अदलाबदल केले. माझ्या कागदावर नऊ गोष्टी होत्या, त्याच्या कागदावर तेरा. बासरीवाला सुरुवातीला श्वास घेतो, तो आवाज. डावीकडचा ढोल जरा मागं पडतो. गाणाऱ्याच्या मागं आणखी एक बाई हळू गाते, ती मला ऐकूच आली नव्हती. मी मागं नेऊन तपासलं. बाई होती.

"आवडलं?" मी विचारलं.

"बेकार हाय," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की कुणालाही उलट वाटलं असतं. "लय बेकार गा. उगीच ताणून राहिला. तो सहावा भाग तर कापून फेका." आणि तो तपशीलवार सांगत सुटला, कुठं काय चुकलं, बासरी कुठं थांबायला पाहिजे होती. माझं मत त्यानं विचारलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा.

मी खाली पाहत त्याचा कागद पुन्हा वाचत होतो. माझ्याकडे एक गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती. सांगू की नको असं झालं. पण पेपर तपासायला बसलं की तपासावाच लागतो.

"घंटी नाही लिहिलीस," मी म्हणालो.

"कोणती घंटी?"

"बारीक. शेवटच्या भागात."

त्यानं मशीन चाचपलं. मी ती जागा लावली. घंटी वाजली, पुन्हा वाजली. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. नाही, असं त्यानं मान हलवून सांगितलं. घंटी फार वरच्या स्वरातली होती. तो भाग पंख्यानं कधीच नेला होता, आणि कुठलं मशीन तो परत आणणार नव्हतं.

दारातून वहिनी म्हणाल्या, "हाय घंटी. मले आली."

"लय वेळा वाजते का वं?"

"वाजते आपली, मधून मधून."

तो म्हणाला, "लाव पुन्हा. पुरं लाव." मी म्हटलं की बेकार आहे म्हणालास ना. तर म्हणे, घंटी धरून कसं वाटते ते पाहून घेऊ, मत बदललं तर बदललं.

वहिनी आत गेल्या, गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि त्या येऊन त्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मी गाणं पहिल्यापासून लावलं. शेवटच्या भागात घंटी आली की त्या उजव्या हाताची तर्जनी जराशी वर करत, आणि तो त्या बोटाकडे पाहून मान डोलवत होता.