जवाईबापूंनी वाळवलेला बहार

जावयाला सासुरवाडीत कोणी रागवत नाही, हा रिवाज फार वाईट आहे. वेळेवर दोन शिव्या मिळाल्या असत्या, तर मी पहिल्याच फांदीवर थांबलो असतो.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. नवीन लग्न, मी पांढुर्ण्याला कारकून, सासुरवाडी सौसरजवळ बोरगावला. सासऱ्यांचा संत्र्याचा बगीचा. एक दिवस बायको, म्हणजे सुनीता, भांडी घासता घासता म्हणाली, "आमच्या तिकडं आता बहार आला असन. काय वास सुटते, माय! अन् इथं निस्ता नालीचा वास."

झालं! मी त्याच क्षणी ठरवलं, ती फुलं वाळवून तो वास वर्षभर घरात ठेवायचा. (वास वाळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) ऑफिसातल्या एकानं सांगितलं, कोरड्या रेतीत पुरलं की फूल जसंच्या तसं राहते. तो आवक-जावक पाहायचा. पण बोलला इतका ठाम, की मी विश्वास ठेवला.

रविवारी जोडीनं बोरगाव गाठलं. चहा घेतला, बादली उचलली आणि एकटाच बगीच्यात शिरलो. बाकी झाडं उंच. विहिरीजवळ मात्र एक बुटकं झाड, फुलांनी गच्च भरलेलं. वा! शिडीही नको! दोन्ही हातांनी ओरबाडत सुटलो. शेंड्याला हात पुरला नाही, तेवढाच वाचला.

मागून सासरे आले. त्यांना मी मामाजी म्हणायचो.

"काय करून राहिले, जवाईबापू?"

"फुलं तोडून राहिलो, मामाजी!"

"हो... दिसून राहिलं."

त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. तोंडातली सुपारी चावायची थांबली. शेवटी जावयाचा मान राखत म्हणाले, "आणखी एक बादली देऊ का?"

आणि मी शहाणा म्हणालो, "द्या की!"

तेवढ्यात सुनीता धावत आली. "अवो, हे काय केलं! मी शाळेत असताना लावलेलं झाड हाय ते! यंदा पहिल्यांदा फुललं! बाबा म्हणत होते, पहिले संत्रे पोरीच्या घरी पाठवतो!"

"मग पाठवू देत ना. मी फक्त फुलं घेतली."

"अवो, फुलाचंच तं संत्रं होते!"

आयुष्यभर संत्री खाल्ली हो मी, पण ती येतात कशी, हा विचार डोक्यात कधी शिरलाच नव्हता. खरंच फार वाईट वाटलं.

पण तोडलेलं फूल काही परत चिकटत नाही! आता निदान वाळवून तरी दाखवतोच, म्हणून मी हट्टाला पेटलो. पांढुर्ण्याला परतल्यावर नदीची रेती आणली. ती ओली निघाली, म्हणून थोडी फुलांसकट तव्यावर टाकली. घरभर करपट धूर! उरलेली फुलं तशीच ओल्या रेतीत पुरली. काही दिवसांनी उकरलं, तर आत काळा लगदा आणि मुंग्यांची वरात. सुनीतानं नाकाला पदर लावला. "नालीच बरी होती," म्हणाली.

शेंड्यावरच्या फुलांतून एकच संत्रं टिकलं. दिवाळीनंतर मामाजी ते स्वतः घेऊन पांढुर्ण्याला आले. आमच्यासमोर सोललं. सगळ्या फोडी पोरीच्या हातावर ठेवल्या आणि सालं मोठ्या अदबीनं माझ्यापुढे धरली.

"घ्या, जवाईबापू. वाळवा."

मीही मागे हटलो नाही. आणि सांगतो, सालं काय कडक वाळली म्हणता!