रेंडरमध्ये लपवलेली भिंत

लिफ्टचं दार उघडलं आणि ब्रेकरचा आवाज कानात घुसला. ब्रेकर म्हणजे काँक्रीट फोडायचं हातातलं मशीन. मला वाटलं, दुसऱ्या कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये काम चालू असेल. आमचं तर अजून सुरूही व्हायचं होतं. मी फक्त लॅमिनेटची सॅम्पल्स दाखवायला आलेले. पण धूळ दिनेशशेठच्याच दारातून बाहेर येत होती.

आत पाऊल टाकलं आणि हातातली बॅग खाली पडली. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला माणूस वाकून पलीकडे जाईल एवढं भगदाड. आतल्या सळया उघड्या पडलेल्या. आणि एक जण त्या कापायला ग्राइंडरला चाक लावत होता.

"अरे बंद कर! आधी बंद कर ते!" मी इतक्या जोरात किंचाळले की ब्रेकरवाल्यालाही ऐकू गेलं.

दिनेशशेठ खिडकीपाशी खुर्ची टाकून चहा पीत बसलेले. हसत म्हणाले, "या मॅडम. सरप्राइज! तुमचं काम हलकं केलं."

मी इंटिरियर डिझायनर. राहते डोंबिवलीत, कामं बहुतेक ठाण्यात. दिनेशशेठ कोलशेतचे मूळ गाववाले. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात या टॉवरमध्ये फ्लॅट मिळाले. जेसीबी आणि रेती-खडीचा स्वतःचा धंदा, त्यामुळे फोडायला माणसं, मशीन सगळं घरचंच. तुमच्या-माझ्यासारख्याने भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी वॉचमन वर येऊन विचारतो. इथे कोण विचारणार? ज्यांच्या जमिनीवर टॉवर उभा, त्यांना?

"शेठ, भिंत फोडायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच."

"मी?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि मीच पाठवलेला फोटो समोर धरला. फोटो कसला, रेंडर. खोली तयार झाल्यावर कशी दिसेल त्याचं कॉम्प्युटरवर केलेलं चित्र. सोफा, पडदे, खिडकीतून येणारं ऊन, सगळं खोटं, पण बघणाऱ्याला वाटतं आत्ताच जाऊन बसावं. आणि त्या चित्रात खरंच मधली भिंत नव्हती.

आता हे कसं, ते सांगते. खोली लहान असली की चित्रासाठी कॅमेरा मागे घ्यायला जागाच मिळत नाही. मग आम्ही सॉफ्टवेअरमध्ये एक भिंत लपवतो आणि कॅमेरा शेजारच्या खोलीत नेतो. एका क्लिकचं काम. या धंद्यात सगळे करतात आणि क्लायंटला सांगायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. मी तर पलीकडचा बेडसुद्धा लपवलेला, मध्ये येत होता म्हणून. त्यामुळे या खिडकीपासून त्या गॅलरीपर्यंत नुसती चकचकीत टाइल.

ते चित्र पहिल्यांदा टीव्हीवर दाखवलं तेव्हा शेठ म्हणालेले, "बापरे, हॉल केवढा मोठा दिसतो!" मी खूश होऊन म्हणाले, "दिसणारच, लाइट कलर घेतलाय ना." मी माझ्या रंगात, ते त्यांच्या लग्नघरात. संध्याकाळपर्यंत चित्र सगळ्या भावकीच्या ग्रुपवर गेलेलं.

कारण सायलीची हळद जवळ आलेली. सायली त्यांची एकुलती एक मुलगी. यांच्यात लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. घरच्या देवासमोर भावकीतल्या सगळ्या बायका बसणार, धवलारीण धवले म्हणणार, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी. गावातल्या जुन्या घराला त्यासाठी अंगण होतं. ते टॉवरच्या पार्किंगखाली गेलं.

"पोरीची हलद भाड्याच्या हॉलमध्ये करू काय मी?" शेठ म्हणाले. "तुमचं चित्र बघितलं आन् बोललो, जालं काम! सगल्या बायका मावतील. ही खोली सायलीचीच, ती तर चालली सासरी."

माझं डोकं सणकलं. "शेठ, ही विटांची भिंत नाहीये! या टॉवरमध्ये भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीट ओतून केलेत. वेगळे पिलर दिसतात का कुठे? भिंती हेच पिलर!"

"मंग? एक भिंत गेली तर काय टॉवर पडतो?"

"टॉवरचं मला नाही सांगता येत. पण हिच्या डोक्यावर वरच्या मजल्यावरची हीच भिंत उभी आहे. वर कोण राहतं?"

शेठचा कप ओठापर्यंत गेलेला तिथेच थांबला. मग मला आठवलं. फ्लॅट वाटताना भावांनी बिल्डरशी भांडून एकाच लाइनमधले, एकावर एक असे घेतलेले. गावात घराला घर लागून होतं, इथे निदान मजल्याला मजला लागून.

"वर आय हाय," ते म्हणाले. "तिच्यावर दादा. त्याच्यावर धाकटा."

आणि हा एवढा आडदांड माणूस मटकन डेब्रिजवर बसला. तोंड पांढरं फटक. मी आमच्या ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरना फोन लावला. इमारत कशाच्या जोरावर उभी आहे याचा हिशोब करणारा तो माणूस.

"सळया कापल्यात?" त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही."

"बघून सांगा."

मी एकेक सळई वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिली. "एकही नाही."

"नशीब. प्रॉप लावा, आणि वरच्या माणसांना आत्ताच्या आत्ता खाली आणा. मी निघालो."

प्रॉप म्हणजे स्लॅबला खालून द्यायचे लोखंडी टेकू. मघाशी जी पोरं भिंत फोडत होती तीच आता गोडाऊनमधून टेकू आणायला धावली. शेठ जिन्याने वर पळाले. म्हातारीचे गुडघे गेलेले, लिफ्टची वाट बघायचा धीर शेठना नाही. दोन्ही भावांच्या घरच्यांना खाली पाठवलं आणि आईला पाठुंगळीला घेऊन उतरले. ती त्यांच्या डोक्यात टपल्या मारतेय, "जल्ला मेला, ठेव मना खाली! येरा जालास काय?"

तिला टॉवरबाहेर न्यायचं, तर ती शेठच्या दारातच अडून बसली. तिला भगदाड दिसलेलं.

"कोनी फोडली?"

शेठनी मुकाट्याने मोबाइल पुढे केला. तिने डोळे बारीक करून चित्र बघितलं, मग भिंत बघितली, परत चित्र.

"हिच्यात भिंत नाय."

"नाय."

"आन् हितं?"

"हितं होती, आय."

"मंग तुजं डोलं कुठं गेलतं?" शेठनी मान खाली घातली. मी मनात म्हणतेय, बरं झालं, बोला अजून. तर म्हातारी माझ्याकडे वळली. "आन् तू गो बाय? हाय ती भिंत चित्रातून काढलीस कशाला?"

"आजी, ते कॅमेऱ्यासाठी..." पुढे काय सांगणार? हॉल छान दिसावा म्हणून?

इंजिनियर आले. भिंत ठोकून पाहिली, वरच्या तिन्ही फ्लॅटमध्ये भेगा शोधल्या. आधी शेठना झापलं, मग मला त्याहून जास्त. सळया शाबूत होत्या म्हणून निभावलं. भिंत पुन्हा काँक्रीटने भरली. ती पक्की होईपर्यंत तिन्ही घरांतली माणसं शहाडला नातेवाइकांकडे जाऊन राहिली. हळद त्याच घरात झाली. बायका हॉलमध्ये, बेडरूममध्ये, पॅसेजमध्ये, पार लिफ्टपर्यंत बसलेल्या. धवलारीण दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात बसली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. मीही गेलेले. जेवताना शेठ सारखे वर स्लॅबकडे बघत होते.

त्यानंतर मी शहाणी झाले. लपवलेली भिंत रेंडरमध्ये पूर्ण गायब करायची नाही, लाल आणि आरपार दिसेल अशी ठेवायची. म्हणजे बघणाऱ्याला कळेल की इथे भिंत आहे. स्वतःवरच खूश होते मी.

मग कल्याणहून एका क्लायंटचा फोन आला. नवराबायको दोघं बँकेत, अगदी सगळं विचारून करणारी माणसं.

"मॅडम, भिंत पाडायला माणूस आलाय. पूर्ण पाडायची की वरचा भाग ठेवायचा?"

"कुठली भिंत?"

"ती तुम्ही लाल करून पाठवलीय ना, तीच. लाल म्हणजे पाडायची, असंच ना!"

मी त्यांना म्हटलं, त्या माणसाला चहा द्या, खायला द्या, काहीही करा, पण मी येईपर्यंत उठू देऊ नका. आणि चपला शोधत सुटले.

आता मी भिंत लपवत नाही. कॅमेरा त्याच खोलीच्या कोपऱ्यात, माणूस उभा राहील तिथे. अर्धा सोफा दिसतो, टीव्ही कापला जातो. क्लायंट तक्रार करतात, दुसऱ्या डिझायनरच्या चित्रात हॉल मोठा दिसतो, तुमच्या चित्रात लहान का?

मी सांगते, लहानच आहे.