लॅबचा फोन कोणी घेतला होता

मेट्रनबाईंची एकतीस वर्षं नोकरी झाली होती, आणि डॉक्टरमंडळीही त्यांच्यासमोर जरा बेतानेच बोलत. हॉस्पिटलने सल्लागार नेमायचं ठरवलं, तेव्हा निवड बाईंवरच सोपवली. डॉक्टर, नर्सेस आणि लॅब यांच्यातले निरोप आता मोबाइलवरच्या ॲपमधून जाणार होते, आणि ते सगळ्यांच्या गळी उतरवायला माणूस हवा होता. आलेल्या तिघांपैकी दोघांनी नुसतं ॲपचं कौतुक केलं. तिसरा म्हणाला, "आधी मला आठ दिवस वॉर्डात बसू द्या." बाईंनी त्यालाच घेतलं.

तो खरोखरच बसला. औषधांच्या ट्रॉलीमागून फिरला, कुणाचा फोन कोण उचलतं ते टिपून घेतलं. शेवटी बाईंच्या केबिनमध्ये येऊन म्हणाला, "मॅडम, निरोप न पोचल्यामुळे झालेला एखादा घोटाळा सांगा ना. त्याशिवाय लोकांना पटत नाही."

बाई बोलून गेल्या. अकरा वर्षांपूर्वी लॅबमधून फोन आला होता: एका पेशंटचं पोटॅशियम फार वाढलंय, डॉक्टरांना लगेच कळवा. ड्यूटीवरच्या नव्या सिस्टरने कळवलंच नाही. पेशंट तेरा दिवस आयसीयूत होता. वाचला, हे नशीब.

खरं तर तो फोन सिस्टरने घेतलाच नव्हता. बाईंनी घेतला होता. त्या तेव्हा वॉर्डच्या इनचार्ज होत्या. त्यांनी पॅडवर आकडा लिहिला, तेवढ्यात कुणाच्या तरी नातेवाइकाने भांडण काढलं, आणि आकडा डोक्यातून गेला तो गेलाच. चौकशीत त्या गप्प राहिल्या. मेमो त्या पोरीला मिळाला, वर दोन वर्षं चादरींच्या स्टोअरला बदली. पुढे बाईंनी ही गोष्ट इतक्या वेळा तशीच सांगितली, की आता ती आपोआप तोंडात येई.

प्रशिक्षणाच्या दिवशी हॉल भरला होता. सल्लागाराने तीच हकिगत पडद्यावर दाखवली. नाव नव्हतं, पण जुन्या लोकांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तीच सिस्टर तिथे बसली होती. आता ती डायलिसिसची इनचार्ज होती. तिने मान खाली घातली नाही, सरळ बाईंकडे बघत राहिली. उठून बोलावं असं बाईंना वाटलं, पण त्या बसूनच राहिल्या.

चहाच्या सुट्टीत त्या डायलिसिसला गेल्या. सिस्टर नळ्या तपासत होती.

"तो फोन मी घेतला होता," बाई म्हणाल्या.

"माहितीये. पॅडवर तुमचं अक्षर होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कुणाकडे बोलणार, मॅडम? तक्रार तुमच्याकडेच द्यायची असायची." तिने नळी जागेवर बसवली. "घरी आईसुद्धा म्हणाली, लक्ष कुठे असतं तुझं. ती जाईपर्यंत तिला तेच खरं वाटत होतं."

बाई हॉलमध्ये परतल्या, माइक मागून घेतला आणि झालं ते चार वाक्यांत सांगितलं. सल्लागाराने हळूच विचारलं, "ते उदाहरण काढून टाकू?"

"राहू दे. फक्त माझं नाव घाला."

पुढे बाईंनी लेखी कबुली दिली आणि महिनाभर मागे लागून सिस्टरच्या फाइलमधला मेमो रद्द करवला. त्याची प्रत त्यांनी स्वतः नेऊन दिली. सिस्टरने ती उभ्याउभ्याच वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाली, "ठीक आहे, मॅडम. पेशंट आलेत."

त्यानंतर ती बाईंशी कामापुरतंच बोलत राहिली. बाईंनीही तिच्याकडे आणखी काही मागितलं नाही.