पारीवरची मुलाखत

घरचा माणूस जेलात असला की रडायच्याच गोष्टी साठतात, असं लोकांना वाटतं. हसायच्याही साठतात हो! आमच्या गावात नेटवर्क येतं फक्त तलावाच्या पारीवर, त्या उंच मातीच्या काठावर. म्हणून जेलातली व्हिडिओ मुलाखत तिथेच. आम्ही तिघी असतो: मी, माझी सासू आणि जिचा पोरगा आत आहे ती सखूमावशी.

शेताच्या बांधाच्या भांडणात आमच्या पिहूचे बाबा आत गेले, तेव्हा पिहू माझ्या मांडीवर तान्ही होती. बाप तिला फोनमध्येच माहीत. बाहेर आल्यावर ती त्यांना ओळखेल का, हाच माझ्या जिवाला घोर.

*

यांच्या वाढदिवसाला सासूबाईंनी पारीवर ताट आणलं. फोनला ओवाळलं. कपाळ समजून कुंकू लावलं ते नेमकं कॅमेऱ्यावर!

"माय, सारं लाल दिसून राह्यलं!"

"दिसू दे. तू हालू नको!"

*

सखूमावशीचा पोरगा आत कॉम्प्युटर शिकतो. मावशी म्हणाली, "मंग त्याच्यावरून मले रोज फोन काहून नाही लावत रे?"

"माय, त्याले इंटरनेट नाही. त्याच्यातून बाहेर काहीच जात नाही."

"म्हणजे तो बी तुह्यासारखाच बंद आहे म्हण!"

आम्ही हसलो. मावशी मात्र घरापर्यंत पुढे पुढेच चालत राहिली.

*

धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, तेव्हा मी मुद्दाम नवी साडी नेसून गेले. हे म्हणाले, "धान दाखव." पारीखालीच आमची धानाची बांधी. मी फोन तिकडे फिरवला. यांच्या मागे उभा असलेला जेलचा शिपाईही वाकला.

"वैनी, जरा खाली घ्या. बुडाशी दाखवा... अरे, तुडतुडे लागले ना!"

मग दोघं औषधावरच बोलत बसले. वेळ संपली. साडी कोणी पाहिलीच नाही!

*

बाबा कंपनीत आहेत, असं आम्ही पिहूला सांगून ठेवलेलं. एक दिवस तिने विचारलंच, "बाबा, तुह्या कंपनीत पोलीस काहून आहे?"

हे वळून शिपायाकडे पाहू लागले.

शिपाईच पुढे झाला. "बेटा, मी बी इथंच कामाले आहो!"

*

पिहूला फोनला भरवायची सवय. गुळातले मुरमुरे काचेवर त्यांच्या तोंडाशी धरायची. ते तिकडे तोंड उघडून चावायचे. "गोड आहे?" "लय गोड!" काच चिकट व्हायची. पुसायला माझा हात लवकर उठत नसे.

*

मागच्या महिन्यात यांना जामीन मिळाला. दारात उभे राहिले आणि पिहू किंचाळून माझ्या पदरामागे लपली. दुसऱ्या दिवशीही तेच. हे आंगणात आले की ही चुलीमागे. सासूबाई डोळे पुसत बसल्या.

शेवटी हे सखूमावशीचा फोन घेऊन पारीच्या पार टोकाला, चिंचेच्या झाडामागे गेले. मी पिहूला घेऊन आमच्या नेहमीच्या जागी बसले. फोन वाजला, काचेवर हे.

"बाबा!" पिहू उडालीच. "बाबा, आपल्या घरी एक माणूस येऊन राह्यला. जातच नाही! तू ये ना लवकर!"

हे म्हणाले, "त्याले काही खायले देल्लं का?"

"नाही."

"भूक लागली असन त्याले. देजो बेटा."

फोन बंद झाला. चिंचेमागून हे हळूहळू चालत आले आणि आमच्यापासून जरा दूरच बसले. पिहू कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग उठली, जवळ गेली, आणि मुरमुऱ्यांची मूठ पुढे केली.

"घे. बाबानं सांगतलं."